अपत्यहीनता आणि पुरुषांची तपासणी
(ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक संमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आरोग्याच्या एखाद्या विषयावर बोलावे अशी आज्ञा कार्यकारी मंडळाने आम्हांस केली, तेव्हा मधुमेह किंवा रक्तदाब असा एखादा विषय मंडळाच्या मनात असावा. आम्ही आमचा विषय कळविला आणि चिटणीस किंचित गंभीर झाले. "सभेत स्त्रिया असतील," असे ते म्हणाले. "त्या असणार आहेत म्हणूनच हा विषय घेतला आहे," असे आम्ही उत्तर दिले. त्यांनी मोठ्या मनाने अनुमती दिली, याबद्दल आम्ही त्यांचे प्रथमच आभार मानतो. आम्ही जे सांगणार आहोत त्यात लाजण्यासारखे काही नाही. रक्त, लघवी आणि थुंकी तपासण्यात ज्याचे आयुष्य गेले, अशा प्रयोगशाळेतील एका माणसाचे हे बोल आहेत, एवढ्याच दृष्टीने ते ऐकावेत.

प्रश्न असा आहे : लग्नाला काही वर्षे झाली आणि घरात पाळणा हलला नाही, तर प्रथम तपासणी कोणाची व्हावी? बहुतेक घरांत हा प्रश्न विचारलाच जात नाही. सुनेला डॉक्टरांकडे नेले जाते. तिच्या गर्भाशयाची, नळ्यांची आणि रक्ताची तपासणी होते, प्रसंगी पोटावर लहानशी शस्त्रक्रियाही होते. उपासतापास, नवससायास, अंगारे-धुपारे हे सारे तिच्याच वाट्यास येते. मुलाचे नाव कोणी घेत नाही. कारण मुलगा धडधाकट असतो, कमावता असतो, आणि त्याला 'काही झालेले' नसते.

याचे मूळ काही अंशी आपल्या बोलण्यातच आहे. मूल न झालेल्या स्त्रीस लावण्यासाठी आपल्याजवळ 'वांझ' आणि 'वांझोटी' असे शब्द तयार आहेत. पुरुषासाठी तसा शब्द घरोघरी वापरात नाही. 'नपुंसक' हा शब्द आहे, परंतु त्याचा अर्थ अगदी निराळा. ज्याचा शरीरसंबंध यथास्थित चालतो, ज्याची प्रकृती उत्तम आहे, अशा पुरुषाच्याही वीर्यात शुक्रजंतू अल्प असू शकतात किंवा मुळीच नसू शकतात. पौरुष ही एक गोष्ट आणि शुक्रजंतूंची संख्या व गुण ही दुसरी. या दोहोंची गल्लत झाल्यामुळेच तपासणीचे नाव काढताच पुरुषास आपल्या पौरुषावर घाला आल्यासारखे वाटते.

वैद्यकशास्त्राचे म्हणणे स्पष्ट आहे. कोणतेही संततिनियमन न करता एक वर्षभर नियमित सहवास होऊनही गर्भ राहिला नाही, तर पतिपत्नी दोघांचीही तपासणी करावी. स्त्रीचे वय पस्तिशीच्या पुढे असल्यास सहा महिन्यांहून अधिक थांबू नये. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालाप्रमाणे दर सहा प्रौढ व्यक्तींपैकी सुमारे एकीस आयुष्यात केव्हा तरी ही अडचण येते. अशा जोडप्यांपैकी सुमारे निम्म्या ठिकाणी पुरुषाकडील दोष, एकटा किंवा स्त्रीच्या दोषासमवेत, कारणीभूत असतो. यास्तव केवळ स्त्रीची तपासणी करीत राहणे म्हणजे हरवलेली वस्तू घराच्या एकाच खोलीत वर्षानुवर्षे शोधीत बसण्यासारखे आहे.

पुरुषाची पहिली तपासणी अत्यंत सोपी आहे. १६७७ साली हॉलंडमधील डेल्फ्ट गावच्या लेवेनहूक नावाच्या कापडाच्या व्यापाऱ्याने स्वतः घासलेल्या भिंगातून वीर्यातील हालणारे सूक्ष्म जीव पाहिले आणि लंडनच्या रॉयल सोसायटीस पत्राने कळविले. आजची वीर्यतपासणी हे त्याच पाहण्याचे शिस्तबद्ध रूप होय. दोन ते सात दिवस ब्रह्मचर्य पाळून नमुना द्यावयाचा. तो शक्यतो प्रयोगशाळेतच द्यावा. घरून आणणे झाल्यास अंगाजवळ उबेत ठेवून तासाच्या आत पोहोचवावा. वीर्य आरंभी घट्ट असते व सामान्यतः अर्ध्या तासात पातळ होते. नंतर त्याचे प्रमाण मोजतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली शुक्रजंतूंची संख्या, हालचाल व आकार पाहतात. सुई नाही, भूल नाही, वेदना नाही. स्त्रीच्या वाट्यास येणाऱ्या तपासण्यांच्या तुलनेने हा त्रास काहीच नव्हे.

अहवाल हातात आल्यावर मात्र मंडळी घाबरतात, म्हणून त्यातील आकड्यांचा अर्थ सांगणे अवश्य आहे. जागतिक आरोग्य संघटनेने या तपासणीची नियमपुस्तिका प्रथम १९८० साली काढली. तिची सहावी आवृत्ती २०२१ साली निघाली. तीत दिलेल्या खालच्या मर्यादा अशा : वीर्य १.४ मिलिलिटर, दर मिलिलिटरमध्ये शुक्रजंतू १ कोटी ६० लाख, एकूण शुक्रजंतू ३ कोटी ९० लाख, हालणारे शेकडा ४२, पुढे सरकणारे शेकडा ३०, आणि योग्य आकाराचे शेकडा ४. या शेवटच्या आकड्याकडे विशेष लक्ष द्यावे. 'शेकडा ९६ शुक्रजंतू सदोष' असे वाचून आमच्यासमोर धीर सोडून बसलेले तरुण आम्ही पाहिले आहेत. वस्तुतः तो अहवाल मर्यादेच्या आतलाच असतो.

या मर्यादा ठरविल्या कशा? ज्यांच्या पत्नीस वर्षभराच्या आत दिवस राहिले, अशा पुरुषांचे नमुने मोजून, त्यांतील सर्वांत खालचे शेकडा पाच जेथे संपतात तेथे रेघ ओढली. म्हणजे त्या रेघेखाली असूनही बाप झालेले पुरुष आहेतच. रेघेच्या वर असलेल्या प्रत्येकास मूल होईलच असेही नाही. अहवाल हा न्यायाधीशाचा निकाल नव्हे. पुढे कोणत्या वाटेने जावे हे दाखविणारा तो पाटीचा दगड आहे. शिवाय एका अहवालावर कधीही विसंबू नये. शुक्रजंतू तयार होण्यास सुमारे अडीच महिने लागतात. त्या अवधीत मोठा ताप येऊन गेला असेल तर आजची संख्या खाली गेलेली दिसेल. म्हणून दोष आढळल्यास काही आठवड्यांनी पुन्हा तपासणी करून मगच मत बनवावे.

येथे आम्हांस एक घरची गोष्ट सांगणे प्राप्त आहे. ती सांगण्याची अनुज्ञा जिच्याकडून हवी होती त्या व्यक्तीने अखेरच्या आजारात आम्हांस स्वतः होऊन दिली, म्हणूनच आज ती उच्चारतो.

आमचे थोरले बंधू, ज्यांना आम्ही दादा म्हणत असू, यांचा विवाह १९७२ साली झाला. वहिनी वीस वर्षांच्या होत्या. पाच-सहा वर्षे गेली, मूल झाले नाही. वहिनींच्या तपासण्या झाल्या, दोन वेळा गर्भाशय धुऊन काढण्यात आले. सोळा सोमवार झाले, नरसोबाच्या वाडीस आणि गाणगापुरास जाणे झाले. बारशाच्या घरी त्यांना बोलावणे येईनासे झाले. डोहाळजेवणास गेल्या तर ओटी भरण्याच्या वेळी कोणीतरी त्यांच्या हातातील तबक हळूच काढून घेई. आमच्या मातोश्रींनी दादांच्या दुसऱ्या लग्नाची भाषाही एकदा केली होती.

१९८१ साली एका रात्री प्रयोगशाळा बंद करण्याच्या वेळेस दादा आले आणि आपला नमुना पाहावा असे म्हणाले. आम्ही पाहिला. एकही शुक्रजंतू दिसला नाही. नमुना सेंट्रिफ्यूज यंत्रात फिरवून तळाचा साका पाहिला, तेथेही नाही. तीन आठवड्यांनी दुसरा नमुना पाहिला, तोही तसाच. दादांनी आमचा हात धरला आणि हे कोणासही न सांगण्याची शपथ घातली. आम्ही ती पाळली.

रुग्णाची गोष्ट बाहेर न फोडणे हा आमच्या धंद्याचा धर्म आहे आणि तो मोडावा असे आम्ही आजही म्हणणार नाही. परंतु दादांना आम्ही एवढे तरी सांगावयास हवे होते की, "आम्ही बोलणार नाही, पण तुम्ही वहिनींशी बोला." ते आम्ही सांगितले नाही. त्यानंतरही वहिनींचे उपास चालू राहिले. श्रावणात त्या फराळाचे ताट घेऊन आमच्यासमोर येत आणि आम्ही मान खाली घालून जेवीत असू. त्यास गुप्तता म्हणता येणार नाही. तो भित्रेपणा होता. वहिनी २००९ साली वारल्या. दोष आपलाच होता असे मानूनच गेल्या. दादा २०१६ साली गेले. जाण्यापूर्वी ते आम्हांस म्हणाले, "माझ्या नावाने सांग. कोणा एका पोरीचे तरी कल्याण होईल."

दादांच्या चेहऱ्यावर देवीचे व्रण होते. देवीच्या रोगाने अधिवृषण, म्हणजे वृषणातून शुक्रजंतू बाहेर नेणारी बारीक नळी, बंद होते आणि पुरुष वंध्य होतो, हे मुंबईचे डॉ. फडके व त्यांचे सहकारी यांनी १९७३ सालीच प्रसिद्ध केले होते. भारतातील देवीचा अखेरचा रोगी १९७५ साली आढळला, त्यामुळे आजच्या तरुणांस ते कारण उरले नाही. दादांच्या बाबतीत तेच कारण होते की दुसरे, हे कधीच ठरले नाही. कारण आमची तपासणी 'शून्य' या शब्दापाशी थांबली. त्या शून्याच्या पुढे काय आहे हे आज पाहता येते. प्रगत तपासण्यांचा खरा उपयोग हाच.

वीर्यात शुक्रजंतू नसण्याचे दोन प्रकार आहेत. एकात वृषणात ते तयार होतात, परंतु वाट बंद असते. दुसऱ्यात ते तयारच होत नाहीत, किंवा फारच थोडे होतात. हा भेद कळण्यासाठी प्रथम तज्ज्ञाने अंगतपासणी करावी लागते. वृषणाचा आकार, शुक्रवाहिनी हातास लागते की नाही, आणि वृषणाच्या शिरा फुगलेल्या आहेत की काय, हे तो पाहतो. ही फुगलेल्या शिरांची व्याधी, जिला व्हेरिकोसील म्हणतात, योग्य रुग्णांत शस्त्रक्रियेने सुधारता येते. नंतर रक्तातील एफएसएच व टेस्टोस्टेरॉन ही संप्रेरके मोजतात. वृषण नीट काम करीत नसल्यास एफएसएच बहुधा वाढलेले असते; वाट तेवढी बंद असल्यास ते सामान्यतः ठीक असते.

येथे तरुणांसाठी एक इशारा. व्यायामशाळेत दंड फुगविण्यासाठी कोणी टेस्टोस्टेरॉनची किंवा तत्सम इंजेक्शने देत असेल तर ती घेऊ नयेत. त्यांनी शरीराचा स्वतःचा कारखाना बंद पडतो आणि शुक्रजंतू नाहीसे होऊ शकतात. पैलवानासारखा दिसणारा तरुण अहवालात शून्य घेऊन येतो, त्यामागे पुष्कळदा हेच असते.

दुसरी पायरी जनुकांच्या तपासणीची. शुक्रजंतू मुळीच नसतील किंवा फारच थोडे असतील तेव्हा ती करतात. काही पुरुषांत एक्स गुणसूत्र एक जास्त असते. ही अवस्था क्लाइनफेल्टर यांनी १९४२ साली वर्णिली. काहींच्या वाय गुणसूत्राचा एखादा तुकडा गळालेला असतो. त्या तुकड्यांस ए, बी आणि सी अशी नावे आहेत. ए किंवा बी संपूर्ण गळाला असेल तर वृषणात शुक्रजंतू शोधण्याची शस्त्रक्रिया बहुधा व्यर्थ ठरते, आणि ते आधी कळल्याने रुग्णाचा देह व पैसा दोन्ही वाचतात. केवळ सी गळाला असेल तर शुक्रजंतू मिळण्याची आशा असते. परंतु होणारा मुलगा हाच दोष घेऊन जन्मास येईल. गोत्र जसे बापाकडून मुलाकडे जाते तसेच वाय गुणसूत्रही जाते, आणि त्यातील उणीवही. हे पतिपत्नींस आधी समजले पाहिजे.

काही पुरुषांत शुक्रवाहिनी जन्मतःच नसते. अशांपैकी पुष्कळांत सिस्टिक फायब्रोसिस नावाच्या रोगाशी संबंध असलेल्या जनुकात दोष आढळतो. तेथे पत्नीचीही तीच तपासणी करावी लागते. दोघांतही दोष असल्यास मुलास तो गंभीर रोग होण्याचा धोका असतो. आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्न करण्याची चाल पुष्कळ घरांत आहे. अशा जोडप्यांनी या तपासणीत मुळीच हयगय करू नये.

तिसरी पायरी शुक्रजंतूच्या आतील डीएनएची. संख्या पुरेशी, हालचाल ठीक, तरीही गर्भ राहत नाही किंवा राहून पुनःपुन्हा पडतो, असे काही वेळा घडते. शुक्रजंतूच्या डोक्यात बापाचा सारा वारसा डीएनएच्या धाग्यांत घट्ट गुंडाळलेला असतो. हे धागे जागोजाग तुटलेले असतील तर वरून ते दिसत नाही. ते पाहण्याच्या चार रीती प्रचलित आहेत. एकीत शुक्रजंतूंवर आम्लाची प्रक्रिया करून वरची प्रथिने काढतात; डीएनए अखंड असेल तर डोक्याभोवती चंद्राच्या खळ्यासारखे वलय दिसते, तुटलेला असेल तर दिसत नाही. दुसरीत विजेच्या प्रवाहाने तुटके तुकडे मागे ओढले जाऊन शेंडेनक्षत्रासारखी शेपटी उमटते; म्हणून तिचे नावच कॉमेट आहे. तिसरीत रंगद्रव्य घालून यंत्रातून हजारो शुक्रजंतू सोडतात. अखंड ते हिरवे, तुटके ते तांबूस चमकतात. टनेल नावाच्या चौथीत तुटलेल्या टोकांनाच खूण लावतात. रीतीपरत्वे आकडे बदलतात, म्हणून एका प्रयोगशाळेचा आकडा दुसरीच्या आकड्याशी ताडून पाहू नये.

धागे तुटण्याची कारणे पुष्कळ : तंबाखू-विडीचे व्यसन, फुगलेल्या शिरा, जंतुसंसर्ग, ताप, वाढते वय. यांतील काही दूर करता येण्याजोगी आहेत, हाच या तपासणीचा मुख्य लाभ.

तथापि ही तपासणी सर्वांसाठी नाही. अमेरिकेतील तज्ज्ञसंस्थांनी २०२० साली घालून दिलेल्या मार्गदर्शनात, डीएनएची तपासणी आरंभीच करू नये, पुनःपुन्हा गर्भपात होत असल्यास तिचा विचार करावा, असे म्हटले आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या पुस्तिकेतही तपासण्यांच्या मूलभूत, विस्तारित आणि प्रगत अशा तीन पायऱ्या केल्या असून डीएनएची तपासणी दुसरीत घातली आहे. तपासण्यांनाही फॅशन असते. शुक्रजंतू हॅमस्टर नावाच्या उंदरासारख्या प्राण्याच्या बीजात शिरतात की नाही हे पाहण्याची एक तपासणी एके काळी मोठ्या प्रतिष्ठेची होती. आज ती कालबाह्य ठरून पुस्तिकेतून गेली आहे. म्हणून एखाद्या ठिकाणी पहिल्याच भेटीत महागड्या तपासण्यांची यादी हाती दिली गेली, तर "या तपासणीने उपचारात काय बदलेल?" एवढा एकच प्रश्न नम्रपणे विचारावा. उत्तर मिळाले तर तपासणी करावी. न मिळाल्यास दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घ्यावे.

उपचारांविषयी थोडक्यात सांगतो. मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा व त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयत्नाने 'टेस्ट ट्यूब' बालिकेचा जन्म ६ ऑगस्ट १९८६ रोजी झाला. १९९२ साली ब्रुसेल्स येथील पालेर्मो व त्यांच्या सहकाऱ्यांनी एकच शुक्रजंतू बारीक सुईने स्त्रीबीजात सोडून गर्भधारणा साधल्याचे प्रसिद्ध केले. या उपायास इक्सी म्हणतात. त्यामुळे ज्याची वाट बंद आहे त्याच्या अधिवृषणातून किंवा वृषणातून शुक्रजंतू काढून उपयोगात आणता येतात. दादांना त्यामुळे मूल झाले असते असे आम्ही म्हणत नाही. तोवर वहिनी चाळिशीस आल्या होत्या. परंतु १९८१ साली ते बोलले असते तर दोघांनी मिळून एखादे मूल दत्तक घेतले असते. आणि मूल झाले नसते तरी वहिनींच्या माथ्यावरचा बोल गेला असता. आता आपल्या देशात या उपचारांसाठी २०२१ चा कायदा आहे. केंद्र नोंदणीकृत आहे की नाही हे पाहावे, आणि लेखी संमती समजून घेऊन द्यावी.

हा विषय सभेत काढणे म्हणजे परंपरा मोडणे, असे कोणास वाटेल. परंतु महाभारतातील पांडू राजाने आपली असमर्थता कुंतीपासून लपविली नाही. स्वतः तिच्याजवळ बोलून मार्ग काढला. आणि १९२७ साली रघुनाथ धोंडो कर्वे यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक काढले तेव्हा अशाच बोलण्यासाठी त्यांना न्यायालयाची पायरी चढावी लागली. आम्हांस येथे तुमच्या टाळ्यांखेरीज काही सोसावे लागत नाही.

शेवटी चार विनंत्या करतो. विवाहित तरुणांनो, तपासणीची वेळ आलीच तर प्रथम स्वतः जा, आणि अहवाल पत्नीसमवेत उघडा. सासूबाईंनो, सुनेस डॉक्टरांकडे नेण्यापूर्वी मुलाचा अहवाल मागा. तुमच्या शब्दाला मुलगा नाही म्हणणार नाही. डॉक्टरी व्यवसायातील ज्ञातिबांधवांनो, पतीच्या तपासणीवाचून पत्नीवर कोणतीही शस्त्रक्रिया करू नका. आणि महिला मंडळाच्या भगिनींनो, पुढच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवास जिला मूल नाही तिला आमंत्रण द्या, आणि ओटीचे तबक तिच्याच हाती ठेवा. त्यासाठी कोणत्याही तपासणीची वाट पाहण्याचे कारण नाही.

 दादांचा निरोप आज पोहोचविला. आता तो पुढे नेणे आपल्या हाती आहे.